छतावरील तापन-शीतन संच

छतावरील तापन-शीतन संच : इमारतीच्या सपाट छतावर उघड्यावर बसविण्यात येणारे आणि एकाच पत्र्याच्या आवरणात वायुज्वालकाने हवा तापविण्याची व विद्युत् संपीडकाच्या साहाय्याने हवा थंड करण्याची अशा दोन्ही सोयी असलेले स्वयंपूर्ण यंत्र. अ. सं. सं. व कॅनडा या देशांत एकमजली दुकाने, शाळा, उपाहारगृहे, लहान कार्यालये यांत ते सर्रास आढळते. अ. सं. सं. मधील व्यापारी इमारतींच्या एकूण क्षेत्रफळापैकी सु. निम्मे क्षेत्रफळ या वर्गातील संचांनी थंड ठेवले जाते, असे तेथील ऊर्जा खात्याचे अनुमान आहे. संचाची निवड वरवर पाहता सोपी असते; उत्पादकाच्या तालिकेतून योग्य आकारमान हेरले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात तापनक्षमता, शीतनक्षमता, हवेचा प्रवाह आणि छतातील भोकाचे माप या चारही गोष्टी एकाच आवरणात एकमेकींशी जखडलेल्या असल्याने एक निवडली की उरलेल्या तिन्हींचे स्वातंत्र्य बव्हंशी संपते. शिवाय संच निवडणारा एक आणि पुढील पंधरा-वीस वर्षे त्याची विजेची व वायूची बिले भरणारा दुसरा, अशी स्थिती अनेकदा असते. या यंत्राचा इतिहास हा पुष्कळसा या दोन अडचणींचाच इतिहास आहे.

रचना : संचाच्या एका भागात संपीडक, संघनकाचे वेटोळे आणि बाहेरची हवा त्यावरून खेळविणारे पंखे असतात. दुसऱ्या भागात गाळण्या, बाष्पकाचे वेटोळे व मुख्य पंखा असून त्यांच्या पुढे पोलादी नळ्यांचा उष्णता विनिमयक असतो. नैसर्गिक वायू या नळ्यांच्या आत जळतो, खोल्यांकडे जाणारी हवा नळ्यांच्या बाहेरून वाहते. ज्वलनातून निर्माण झालेले वायू आणि खोलीतील हवा यांच्यामध्ये केवळ पत्र्याच्या जाडीचे अंतर असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नळीला तडा गेल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड थेट इमारतीत जाऊ शकतो. संपूर्ण संच छतात बसविलेल्या पत्र्याच्या चौकटीवर म्हणजे बैठकीवर ठेवतात व बैठकीच्या आतील भोकांतून थंड वा उष्ण हवा खाली जाते आणि वापरलेली हवा वर येते.

शीतनक्षमता अद्यापि टनांत सांगण्याची प्रथा आहे. बर्फाचा व्यापार चालत असतानाच्या काळातील हे एकक असून २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते तेवढी, म्हणजे ताशी १२,००० ब्रिटिश औष्णिक एकके (ब्रि. औ. ए.) किंवा ३·५१७ किवॉ., हा एक टन होय. छतावरील संच साधारणपणे ३ ते २५ टनांचे असतात. याहून बरेच मोठेही बनविले जातात.

पूर्वपीठिका : तापन आणि शीतन या दोन शाखा जवळजवळ अर्धशतक एकमेकींपासून अलग वाढल्या. उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात उष्ण हवेची भट्टी तळघरात असे व ती कोळशावर चाले. आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथे डेव्ह लेनक्स यांनी १८९५ मध्ये रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी विकण्यास आरंभ केला. ओतीव लोखंडाच्या भट्टीप्रमाणे तिचे जोड लवकर उकलत नसत. अ‍ॅलिस पार्कर या न्यू जर्सीतील महिलेने १९१९ मध्ये वायूवर चालणाऱ्या मध्यवर्ती तापनव्यवस्थेचे एकस्व मिळविले. तीत निरनिराळ्या खोल्यांकडे जाणाऱ्या वाहिन्यांसाठी स्वतंत्रपणे नियंत्रित करता येणारे ज्वालक कल्पिलेले होते.

शीतनाचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमटपणामुळे कागद आकसत-फुगत असे व रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये तेथे आर्द्रता नियंत्रित करणारी व्यवस्था आखली. ‘वातानुकूलन’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने रूढ केली. पुढे चित्रपटगृहे व १९२८ मध्ये सॅन अँटोनिओतील मायलम बिल्डिंग ही उंच कार्यालयीन इमारत थंड झाली. परंतु या सर्व व्यवस्थांना तळघरातील यंत्रशाळा, शीतन मनोरा व त्यांवर देखरेख ठेवणारा यंत्रचालक लागे. यंत्र लहान होऊन छतावर एकटे राहू शकण्यासाठी दोन गोष्टी घडणे आवश्यक होते. चलित्र व संपीडक एकाच बंद कवचात ठेवून दंडाभोवतीची गळती नाहीशी करणे ही पहिली गोष्ट. १९२७ मध्ये बाजारात आलेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या घरगुती प्रशीतकपेटीने ती मोठ्या प्रमाणावर रूढ केली. दुसरी गोष्ट म्हणजे बिनविषारी व न पेटणारा प्रशीतक. टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बन संयुगे १९३० मध्ये जाहीर झाली आणि अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड यांसारख्या प्रशीतकांचे भय उरले नाही. (या संयुगांचे दुसरे भय कळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली, त्याचा उल्लेख पुढे येईल.)

इंधनाचा प्रश्न : तापनासाठी वायूच का निवडला गेला, याचे उत्तर यंत्रशास्त्रात नसून दुसऱ्या महायुद्धात आहे. जर्मन पाणबुड्या अटलांटिक किनाऱ्याने जाणारी तेलवाहू जहाजे बुडवू लागल्यावर अ. सं. सं. च्या शासनाने टेक्ससमधून ईशान्येकडील राज्यांत तेल नेणारे ‘बिग इंच’ व ‘लिटल बिग इंच’ हे दोन प्रचंड नळमार्ग १९४२ ते १९४४ या काळात घातले. त्यांपैकी पहिल्याच्या नळाचा व्यास २४ इंच (सु. ६१ सेंमी.) होता. युद्धानंतर हे नळमार्ग १९४७ मध्ये टेक्सस ईस्टर्न ट्रान्समिशन या कंपनीने सु. १४·३ कोटी डॉलरना विकत घेतले व त्यांतून नैसर्गिक वायू वाहू लागला. पूर्वी तेलविहिरींच्या तोंडाशी जाळून टाकला जाणारा वायू अशा रीतीने शहरोशहरी स्वस्त इंधन म्हणून पोहोचला. कोळशाप्रमाणे त्याला साठवणीची जागा लागत नाही, राख होत नाही व बारीक नळाने तो छतापर्यंत चढविता येतो. विजेच्या तारेने तापन करणे यंत्रदृष्ट्या सोपे असले, तरी वीज महाग होती. म्हणून ‘वायूने तापन, विजेने शीतन’ ही जोडी प्रमाण ठरली.

या जोडीला एक प्रतिस्पर्धीही होता. वायू कंपन्यांना हिवाळ्यात खप व उन्हाळ्यात मंदी ही अडचण असल्याने उन्हाळ्यातही वायू जाळून शीतन करावे, असा त्यांचा प्रयत्न होता. इंडियाना राज्यातील एव्हान्सव्हिल येथील सर्व्हेल कंपनीने शोषण तत्त्वावरील वायुप्रशीतकपेट्यांत नाव कमावले होते. तिने लिथियम ब्रोमाइड व पाणी वापरून बारमाही चालणारा वायुसंच काढला. १९५७ मध्ये तो व्यवसाय आर्कान्सा लुइझिअ‍ॅना गॅस कंपनीने घेतला. शोषण संच आवाज करीत नाही व त्यात झिजणारे भाग थोडे असतात. परंतु एकेरी शोषण चक्रात एक एकक उष्णता खर्चून एक एककाहूनही कमी शीतन मिळते, तर संपीडकाने खर्चिलेल्या विजेच्या तिप्पट वा अधिक शीतन मिळते. यंत्र अवजडही होते. हा पर्याय छतावर फारसा टिकला नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको.

छताकडे : व्हिक्टर ग्रूएन या वास्तुविशारदाने मिनेसोटातील ईडाइना येथे १९५६ मध्ये उभारलेल्या साउथडेल या बंदिस्त बाजारसंकुलाने दुकानदारीचे नवे रूप दाखविले. मिनेसोटाच्या बर्फाळ हिवाळ्यातही ग्राहक अंगरख्याशिवाय हिंडू शकत होता. अशा संकुलांभोवती व महामार्गांच्या कडेने एकमजली, पोलादी जाळीदार तुळयांवर सपाट छत असलेल्या दुकानांच्या रांगा वाढल्या. अशा इमारतीला तळघर नसते व भाड्याने द्यावयाची एक चौ. मी. जागाही यंत्रासाठी दवडणे मालकाला परवडत नाही. छत मात्र मोकळे व फुकट असते. प्रत्येक दुकानावर वेगळा संच बसविला म्हणजे प्रत्येक भाडेकरूचे वीज व वायू यांचे मापकही वेगळे करता येते. कॅरिअर, ट्रेन, यॉर्क, लेनक्स इ. कारखानदारांनी कारखान्यातच जुळवून, प्रशीतक भरून व चाचणी घेऊन पाठविलेले संच यारीने छतावर ठेवून एका दिवसात सुरू करता येऊ लागले. संचाच्या प्रसाराचे श्रेय एकट्या यंत्राला देणे बरोबर ठरणार नाही. ते इमारतीच्या अर्थकारणाचे अपत्य होते.

कॅलिफोर्नियातील शाळांचा प्रयोग : निवडीच्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग दुकानांत नव्हे, तर शाळांत झाला. युद्धोत्तर काळात विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढत असताना फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने चालणाऱ्या एज्युकेशनल फॅसिलिटीज लॅबोरेटरीज या संस्थेने १९६१ मध्ये शालेय बांधकाम-प्रणालींचा प्रकल्प हाती घेतला. एझ्रा एरेनक्रांट्झ हे वास्तुविशारद त्याचे प्रमुख होते व कॅलिफोर्नियातील १३ शाळाजिल्हे त्यात सहभागी झाले. वर्गांच्या भिंती गरजेप्रमाणे हलविता आल्या पाहिजेत, अशी शिक्षकांची मागणी होती. भिंत हलली की त्या खोलीचे तापमान राखणारी व्यवस्थाही तिच्याबरोबर बदलणे आवश्यक होते.

प्रकल्पाची रीत नवी होती. अमुक कंपनीचे अमुक यंत्र हवे असे न म्हणता यंत्राने काय साधले पाहिजे हे लिहून काढण्यात आले व अनेक शाळांची एकत्रित मागणी कारखानदारांपुढे ठेवण्यात आली. प्रत्येक संचाने ३,६०० चौ. फुट (सु. ३३४ चौ. मी.) क्षेत्र सांभाळावे आणि त्याचे प्रत्येकी ४५० चौ. फुटांपर्यंतचे आठ स्वतंत्र विभाग करता यावेत, अशी अपेक्षा होती. केवळ विक्रीची किंमत न पाहता देखभालीचा भारही तोलण्यात आला. या घटकाचे काम लेनक्स कंपनीकडे गेले. तिच्या छतावरील बहुविभागी संचात एका कप्प्यात उष्ण व दुसऱ्यात थंड हवा तयार ठेवून प्रत्येक विभागासाठी दोहोंचे योग्य मिश्रण झडपांनी केले जाई. लवचिक वाहिन्यांमुळे हवेच्या जाळ्या छताखाली हव्या तिकडे सरकविता येत. संच केवळ दुकानाच्या स्वस्त सोयीचे यंत्र नसून गंभीर वास्तुरचनेचा घटक होऊ शकतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. कामगिरीचा तपशील लिहून निविदा मागविण्याची पद्धत पुढे इतरत्रही पसरली.

तथापि या निवडीत एक गृहीत धरलेली गोष्ट होती, ती म्हणजे स्वस्त ऊर्जा. एकाच वेळी हवा तापवावयाची, थंडही करावयाची आणि मग दोन्ही मिसळावयाच्या, यात उघडच अपव्यय होता. १९६४ मध्ये तो कोणाला खुपला नाही.

टंचाई व मानके : ऑक्टोबर १९७३ मधील तेलसंकटाने चित्र पालटले. नैसर्गिक वायूची टंचाई त्याआधीच जाणवू लागली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ मधील फिलिप्स खटल्याच्या निकालामुळे विहिरीच्या तोंडाशी वायूची किंमत संघीय नियंत्रणाखाली आली होती. नियंत्रित किंमतीमुळे मागणी वाढत गेली, पण नव्या विहिरी खोदण्याचा उत्साह राहिला नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कित्येक वायू कंपन्यांनी नव्या जोडण्या देणे थांबविले आणि १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात कारखाने व शाळा वायूअभावी बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांच्या इमारतीवर वायुसंच होते त्यांना इंधनाची निवड ही केवळ आजच्या दराची बाब नव्हे, तर पुरवठ्याच्या शाश्वतीची बाब आहे, हे प्रथमच कळले. १९७८ च्या कायद्याने किंमतींचे नियंत्रण टप्प्याटप्प्याने सैल करण्यास सुरुवात झाली.

तापन व शीतन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने (१८९४ पासूनची तापन अभियंत्यांची व १९०४ पासूनची प्रशीतन अभियंत्यांची संस्था एकत्र येऊन १९५९ मध्ये स्थापना) १९७५ मध्ये इमारतींतील ऊर्जावापराचे पहिले मानक प्रसिद्ध केले. एकाच वेळी तापन व शीतन करण्यावर त्यात मर्यादा आल्या व बहुविभागी संच मागे पडला. त्याची जागा एका विभागापुरत्या साध्या संचाने आणि मोठ्या इमारतींत हवेचा प्रवाह कमी-अधिक करणाऱ्या संचाने घेतली. बाहेरची हवा पुरेशी गार असेल तेव्हा संपीडक बंद ठेवून तीच आत घेणारी काटकसर-झडप याच काळात महत्त्व पावली. सतत जळणाऱ्या मार्गदर्शी ज्योतीच्या जागी विद्युत् ठिणगी आली. वाऱ्याने ज्योत विझण्याची छतावरील जुनी तक्रारही त्यामुळे मिटली.

काटकसरीचा एक अतिरेकही झाला. प्रत्येक माणसामागे आत घ्यावयाच्या बाह्य हवेचे किमान प्रमाण ॲश्रेच्या १९८१ च्या वायुवीजन मानकात, धूम्रपान नसलेल्या जागी, मिनिटाला ५ घ. फुट (सु. २·४ लि. प्रती सेकंद) इतके खाली आणले गेले. कोंदट हवा, डोकेदुखी व डोळ्यांची आग यांच्या तक्रारी वाढल्यावर १९८९ मध्ये ते तिप्पट म्हणजे १५ घ. फुट करण्यात आले. हा बदल कागदावर लहान दिसतो; पण १९८९ पूर्वी निवडलेल्या संचाला थंड प्रदेशात तो फार जड गेला. मिनीॲपोलिस येथे बाहेर –२५° से. व आतून परतणारी हवा २१° से. असेल आणि ३०% हवा बाहेरून घ्यावयाची असेल, तर मिश्रणाचे तापमान सु. ७° से. भरते. सु. १०° से.च्या खाली गेलेली हवा विनिमयकावरून गेली की नळ्यांच्या आत ज्वलनातील पाण्याची वाफ निवते व आम्लधर्मी पाण्याने साधा ॲल्युमिनियमलेपित पत्रा गंजतो. म्हणून अशा ठिकाणी अगंज पोलादाचा विनिमयक निवडावा लागतो. गंजलेल्या विनिमयकातून कार्बन मोनॉक्साइड आत येण्याचा धोका वर सांगितलाच आहे. अधिक शुद्ध हवेची तरतूद करताना विनिमयकाकडे दुर्लक्ष झाल्यास तीच विषाची वाट ठरते.

आकारमानाचा दोष : संच निवडताना सर्वाधिक चूक कमी क्षमतेची नव्हे, तर जास्त क्षमतेची होते. ‘दर ४०० चौ. फुटांस एक टन’ यासारखे ठोकताळे कंत्राटदारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. उन्हाळ्यातील सर्वांत उष्ण दिवशी दुकान तापले तर कंत्राटदाराला बोल लागतो. संच मोठा निघाल्यास तक्रार करणारा कोणी नसतो. हा न्याय समजण्याजोगा असला, तरी त्याची किंमत मोजावी लागते. गरजेहून मोठा संच काही मिनिटांत तापमान उतरवून थांबतो. बाष्पकाच्या वेटोळ्यावर दव साचून ते निथळण्यास वेळच मिळत नाही. ह्यूस्टनसारख्या दमट शहरात त्यामुळे हवा गार पण ओलसर राहते, छताच्या फरशा फुगतात व बुरशी धरते. संपीडक पुनःपुन्हा चालू-बंद होऊन लवकर निकामी होतो तो वेगळाच.

यात जुन्या संचाच्या जागी नवा बसविताना आणखी भर पडते. दुकानांतील दिव्यांवर पूर्वी प्रती चौ. मी. ३० वॉट वा त्याहून अधिक वीज खर्च होई व ती सर्व उष्णतेच्या रूपाने खोलीतच राही. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांच्या दिव्यांमुळे हा आकडा १० च्या आसपास किंवा त्याखाली आला आहे. वास्तविक त्याच जागेला आता लहान संच पुरावा. परंतु छतातील बैठक जुन्या संचाच्या मापाची असते. ती बदलावयाची म्हणजे छताचे जलरोधक आवरण कापावे लागते, म्हणून तीच बैठक घेणारा, तितक्याच टनांचा संच मागविला जातो. अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वी कोणी बांधलेला ठोकताळा छतातील भोकाच्या रूपाने आजही निवड करीत असतो.

तापनाच्या बाजूची अडचण निराळी आहे. शीतनासाठी दर टनामागे मिनिटाला सु. ४०० घ. फुट हवा लागते. टन ठरले की पंखा ठरतो आणि पंखा ठरला की ज्वालकाच्या मर्यादा ठरतात, कारण विनिमयकावरून जाताना हवेचे तापमान किती अंशांनी वाढावे याची कमाल व किमान सीमा संचाच्या पट्टीवर दिलेली असते. म्हणून उत्पादक एकाच टनाच्या संचाला कमी, मध्यम व जास्त अशा दोन-तीन ज्वालकक्षमता देतात. फीनिक्समध्ये कमी क्षमता पुरते. मिनीॲपोलिसमध्ये जास्तही काठावर येते. समुद्रसपाटीपासूनची उंचीही विसरून चालत नाही. विरळ हवेत ऑक्सिजन कमी असल्याने २,००० फुटांहून उंच स्थळी ज्वालकाची क्षमता दर १,००० फुटांस सु. ४ टक्क्यांनी कमी धरतात. ताशी २,००,००० ब्रि. औ. ए. वायू जाळणारा, ८०% कार्यक्षमतेचा ज्वालक सागरतीरी १,६०,००० ब्रि. औ. ए. उष्णता देतो, ५,२८० फुट उंचीवरील डेन्व्हरमध्ये त्याच्याकडून सु. १,२६,००० चीच अपेक्षा ठेवावी लागते.

कार्यक्षमतेचे मापन : संच निवडणाऱ्या मालकाला कमी किंमत हवी असते व भाडेकराराप्रमाणे बिले भाडेकरू भरतो, तेव्हा बाजार आपोआप कार्यक्षम यंत्राकडे वळत नाही. यासाठीच अ. सं. सं. मध्ये १९९२ च्या ऊर्जाधोरण कायद्याने व्यापारी संचांना किमान कार्यक्षमता लागू केली. २००५ च्या कायद्याने १ जानेवारी २०१० पासून ६५,००० ते १,३५,००० ब्रि. औ. ए. क्षमतेच्या संचाने दर वॉट-तासाला ११·२ ब्रि. औ. ए. शीतन द्यावे असे ठरविले. वायुज्वालक असलेल्या संचाला मात्र ११·० ची सवलत दिली. कारण विनिमयकाच्या नळ्या बारमाही हवेच्या वाटेत उभ्या असतात व उन्हाळ्यातही पंख्याला त्यांचा विरोध सोसावा लागतो. दोन यंत्रे एका पेटीत घालण्याची ही लहानशी पण कायमची किंमत होय.

ही संख्या पूर्ण भारावरची होती आणि संच पूर्ण भारावर वर्षातून फार थोडे तास चालतो. म्हणून २००७ मध्ये उत्पादकांच्या चाचणी मानकात समाकलित मापन आले. त्यात पूर्ण भाराला केवळ २%, तीन-चतुर्थांश भाराला ६१·७%, निम्म्या भाराला २३·८% व पाव भाराला १२·५% असे महत्त्व दिलेले आहे. या एका बदलाने बदलत्या वेगाचे पंखे व टप्प्याटप्प्याने चालणारे संपीडक यांना खरी प्रतिष्ठा मिळाली. ऊर्जा खात्याने २०११ मध्ये मोठ्या दुकानमालिकांना बरोबर घेऊन १० टनांच्या संचासाठी या मापनावर १८ चे आव्हान जाहीर केले व २०१२ मध्ये डायकिन-मॅक्वे कंपनीचा संच ते प्रथम पुरे करणारा ठरला. २०१६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार वरील आकारमानाच्या वायुसंचाला २०१८ पासून १२·७ व २०२३ पासून १४·६ ही किमान पातळी लागू झाली. जुन्या संचांनाही उपाय आहे. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रीय पाहणीत ६६ संचांना पंख्याचा वेग बदलणारी नियंत्रणे जोडल्यावर त्यांचा ऊर्जावापर सरासरी ५७% उतरला. पूर्वीचा पंखा दुकान उघडे असेतो एकाच वेगाने फिरत राही, यातच त्या बचतीचे मर्म आहे.

याउलट काटकसर-झडपेचा अनुभव खेदजनक आहे. कॅलिफोर्नियातील पाहण्यांत निम्म्याहून अधिक झडपा अडकलेल्या, तुटलेल्या वा चुकीच्या जुळणीच्या आढळल्या. तालिकेत तिच्यासाठी पैसे मोजले गेले. छतावर शिडी लावून तिच्याकडे पाहण्यास कोणी गेले नाही.

वायूच्या बाजूस प्रगती मंद आहे. मोठ्या ज्वालकांची किमान औष्णिक कार्यक्षमता दीर्घकाळ ८०% होती, ती २०२३ पासून ८१% झाली. ज्वलनातील वाफेची सुप्त उष्णता मिळविणारे ९०% हून अधिक कार्यक्षमतेचे संघननी विनिमयक घरगुती भट्ट्यांत रुळले असले, तरी छतावर त्यातून निघणारे आम्लयुक्त पाणी हिवाळ्यात नळीतच गोठते. त्याचा निचरा इमारतीच्या उबेतून नेणे हे खर्चाचे काम ठरते.

भारतात, विशेषतः महाराष्ट्र व गोवा येथे, या संयुक्त संचाला वाव नाही. मुंबईच्या हिवाळ्यात इमारत तापविण्याची गरज पडत नाही आणि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचा वायू स्वयंपाकघरे, कारखाने व वाहने यांकडे गेला. येथील गच्चीवर आढळतात ती केवळ शीतनाची यंत्रे. खाऱ्या हवेने त्यांच्या वेटोळ्यांचे पातळ पंख झडणे हीच येथील निवडीतील मुख्य चिंता होय (⟶ वातानुकूलन).

प्रशीतकांचे संक्रमण : मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांमुळे ओझोन थराचा ऱ्हास होतो, असे दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर ही संयुगे व मागाहून छतावरील संचांत सार्वत्रिक असलेला आर-२२ हा प्रशीतक मागे घेण्यात आला, अ. सं. सं. मध्ये १ जानेवारी २०१० पासून नव्या यंत्रांत आर-२२ वापरणे बंद झाले. त्याची जागा घेतलेला आर-४१०ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु त्याची जागतिक तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या दोन हजार पटींहून अधिक आहे. २०२० च्या कायद्यान्वये केलेल्या नियमांनी १ जानेवारी २०२५ पासून या वर्गातील नव्या संचांतील प्रशीतकावर ७०० ची मर्यादा घातली. आर-४५४बी व आर-३२ हे तीत बसणारे प्रशीतक मंदज्वलनशील आहेत. ज्या पेटीत वायूची ज्योत पेटते त्याच पेटीत पेटू शकणारा प्रशीतक ठेवावयाचा, हा प्रश्न मिजली यांच्यापूर्वीच्या काळानंतर प्रथमच पुन्हा उभा राहिला. त्यासाठी ठराविक मात्रेहून अधिक प्रशीतक असलेल्या संचात गळतीचा संवेदक बसवितात. गळती आढळताच तो संपीडक थांबवून मुख्य पंखा चालू करतो व साचू पाहणारा वायू विरळ होतो.

इंधनाचा वादही पुन्हा सुरू झाला आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत वायूचे नळ घालण्यास बंदी केली. संघीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ती अवैध ठरविली व २०२४ मध्ये शहराने ती मागे घेतली. दरम्यान उष्णता-पंप व वायुज्वालक दोन्ही असलेले दुइंधनी संच उत्पादकांच्या तालिकांत आले आहेत. सौम्य थंडीत ते विजेवर तापन करतात आणि पारा पुष्कळ उतरला म्हणजे वायू पेटवितात. हा बदल कोणत्या तापमानाला व्हावा हे नियंत्रकात आधी ठरवून द्यावे लागते. तो आकडा स्थानिक वीज व वायू यांच्या दरांच्या गुणोत्तरावर अवलंबून असल्याने दर बदलले की तो नव्याने बसवावा लागतो.